यान प्रकाशाच्या वेगाजवळ नेताना नेमके कुठे अडते? वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन करायचा हिशेब

नागपुरात गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगणाचा कार्यक्रम संपला की बाहेर पडणाऱ्या मुलांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो: यानाचे इंजिन बंदच केले नाही, तर ते कधीतरी प्रकाशाला गाठेल की नाही? ‘नाही’ हे उत्तर बहुतेकांना पाठ असते. पण का नाही, असे पुढे विचारले की मोठी माणसेसुद्धा ‘वेग वाढला की वस्तुमान वाढते, मग इंजिनाला यान ढकलवत नाही’ एवढे सांगून थांबतात. हे उत्तर मला अपुरेच नव्हे, तर दिशाभूल करणारे वाटते. यानात बसलेल्या माणसाला यान जड झाल्याचे कधीच जाणवत नाही. इंजिनाचा तोच जोर दहाव्या वर्षीही त्याला पहिल्या दिवशीसारखाच आसनावर दाबून धरतो. अडचण असते ती ऊर्जेच्या आणि इंधनाच्या हिशेबात, आणि तो हिशेब बारावीचे गणित येणाऱ्या कोणालाही घरी बसून करता येतो. तो कसा करायचा, हे पुढे पायरीपायरीने दिले आहे.

सामान थोडेच लागते. एक चौकटीची वही आणि ‘हाइप’ ही कळ असलेला सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. मोबाइलमधला चालेल, पण त्यात सिन्ह, कॉश आणि टॅन्ह ही तीन फलने आहेत ना, हे आधी पाहून घ्यावे. नसली तरी बिघडत नाही. ई चा र वा घात काढावा (र म्हणजे काय, ते तिसऱ्या पायरीत येईल), त्यातून त्याचा व्यस्त वजा करून निम्मे केले की सिन्ह र मिळतो, मिळवून निम्मे केले की कॉश र मिळतो, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागले की टॅन्ह र मिळतो.

पहिली पायरी: कोणाचे घड्याळ आणि कोणाची पट्टी, हे आधी लिहा

झिरो माइलच्या स्तंभाच्या चौथऱ्यावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा अशा ठिकाणांची अंतरे कोरलेली आहेत. त्या आकड्यांना अर्थ आहे तो ‘येथून’ या न लिहिलेल्या शब्दामुळे. सापेक्षता सिद्धांतात हा ‘येथून’ अंतराबरोबर काळालाही जोडावा लागतो, आणि तो जोडायचा राहिला की पुढचा सगळा हिशेब बिघडतो. म्हणून वहीच्या पानावर चार रकाने आखावेत: यानातल्या घड्याळाने मोजलेला काळ, पृथ्वीवरच्या घड्याळाने मोजलेला काळ, पृथ्वीवरून मोजलेले अंतर आणि पृथ्वीवरून मोजलेला वेग. एका रकान्यातला आकडा दुसऱ्या रकान्यातल्या आकड्याने भागायची वेळ आली, की हात थांबवून विचार करायचा.

त्वरण मात्र यानातले धरायचे. यानात वजनकाट्यावर उभे राहिल्यावर काटा घरच्याइतकेच वजन दाखवत असेल, तर यानाचे त्वरण दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद आहे असे समजावे. माणसाला वर्षानुवर्षे सोसेल असे त्वरण हेच. या लेखातला सगळा प्रवास त्याच त्वरणाने करायचा आहे.

दुसरी पायरी: न्यूटनच्या पद्धतीने हिशेब करून तो कुठे मोडतो ते पाहा

प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. त्याला ९.८ ने भागले की ३ कोटी ६ लाख सेकंद, म्हणजे ३५४ दिवस मिळतात. न्यूटनच्या सूत्रानुसार पुढच्या दिवाळीच्या आतच यानाने प्रकाशाला गाठायला हवे, आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याचा वेग प्रकाशाच्या दुपटीवर जायला हवा.

असे होत नाही, हे केवळ पुस्तकात लिहिले आहे म्हणून मानायचे कारण नाही. विल्यम बर्टोझी यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इलेक्ट्रॉनांना अर्धा ते १५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचे एकक) इतकी ऊर्जा दिली आणि ८.४ मीटरचे अंतर कापायला त्यांना किती वेळ लागतो, ते मोजले. न्यूटनच्या सूत्राने १५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनाचा वेग प्रकाशाच्या साडेसातपट यायला हवा होता. प्रत्यक्षात तो प्रकाशाच्या वेगाला चिकटून राहिला. मग दिलेली ऊर्जा खरोखर इलेक्ट्रॉनात गेली होती का, अशी शंका राहू नये म्हणून त्यांनी ते इलेक्ट्रॉन ॲल्युमिनियमच्या चकतीवर आदळवून चकती किती तापते, हेही मोजले. ऊर्जा पुरेपूर पोहोचली होती. फक्त वेग वाढला नव्हता.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेच्या मोठ्या कणत्वरकातला आकडा तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखा आहे. तिथे ४५० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन आत सोडला जातो, तेव्हा तो प्रकाशाच्या सेकंदाला सुमारे ६५० मीटर मागे असतो. ऊर्जा चौदापटीहून जास्त वाढवून ६,५०० अब्जांवर नेली, की तो सेकंदाला सुमारे ३ मीटर मागे राहतो. म्हणजे चौदापट ऊर्जा ओतून वेगात भर पडली ती सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या आसपास, आणि उरलेले ३ मीटर मात्र अंबाझरीच्या काठावर सकाळी धावणाऱ्या माणसाच्या वेगाइतके आहेत.

तिसरी पायरी: वेगाऐवजी रॅपिडिटी वापरा

सगळा हिशेब सोपा होतो तो इथे, म्हणून या पायरीवर घाई करू नये.

वेगांची सरळ बेरीज होत नाही. पृथ्वीपासून अर्ध्या प्रकाशवेगाने जाणाऱ्या यानातून पुढच्या दिशेने, यानाच्या मानाने अर्ध्याच प्रकाशवेगाने, एक लहान यान सोडले तर पृथ्वीवरून त्याचा वेग १ नव्हे, ०.८ प्रकाशवेग दिसतो, कारण ०.५ आणि ०.५ यांच्या बेरजेला १ अधिक त्यांच्या गुणाकाराने, म्हणजे १.२५ ने, भागावे लागते. पण वेगाच्या जागी वेगाचा व्यस्त टॅन्ह, म्हणजे जिचा टॅन्ह काढला की तो वेग येतो ती संख्या, घेतली तर बेरीज शाळेतल्यासारखी साधी होते. या राशीला रॅपिडिटी म्हणतात. आपण तिला ‘र’ म्हणू. अर्ध्या प्रकाशवेगाची र ०.५४९३ आहे. तिची दुप्पट १.०९८६, आणि कॅल्क्युलेटरवर १.०९८६ चा टॅन्ह काढला की बरोबर ०.८ येतात.

आता यानात बसून विचार करा. दर दिवशी इंजिन यानाला सारखाच धक्का देते, म्हणून दर दिवशी र मध्ये सारखीच भर पडते, आणि या बेरजेला कुठेही शेवट नाही. र कितीही मोठी होऊ शकते; टॅन्ह मात्र १ च्या पुढे जात नाही. यानातल्या माणसाला मर्यादा का जाणवत नाही आणि पृथ्वीवरून पाहणाऱ्याला ती का दिसते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या एका वाक्यात आहे.

सूत्रे चारच आहेत. प्रकाशवेगाला ९.८ ने भागून आलेले ३५४ दिवस म्हणजे ०.९६९४ वर्ष, हा आपला ठरलेला भाजक. यानकाळ वर्षांत घेऊन त्याला ०.९६९४ ने भागले की र मिळते. र चा टॅन्ह म्हणजे प्रकाशवेगाच्या पटीत पृथ्वीवरून दिसणारा वेग. ०.९६९४ गुणिले सिन्ह र म्हणजे पृथ्वीवर गेलेली वर्षे. आणि कॉश र मधून १ वजा करून ०.९६९४ ने गुणले की अंतर प्रकाशवर्षांत मिळते. कॉश र लाच गॅमा म्हणतात. पुढे ऊर्जेच्या हिशेबात तो लागेल.

यानातले एक वर्ष घ्या. र १.०३२ येते, वेग ०.७७, पृथ्वीवरचा काळ १.१९ वर्षे आणि अंतर ०.५६ प्रकाशवर्ष. दोन वर्षांनंतर वेग ०.९७, पृथ्वीवर पावणेचार वर्षे आणि अंतर २.९ प्रकाशवर्षे. पाच वर्षांनंतर पृथ्वीवर सुमारे ८४ वर्षे गेलेली असतात आणि वेग ०.९९९९३ असतो. पहिल्या वर्षात वेगाने शून्यापासून पाऊण पल्ला गाठला, आणि नंतरच्या चार वर्षांत मिळून उरलेला पाव. पण घड्याळांमधली तफावत मात्र त्या चार वर्षांतच प्रचंड वाढली.

इथे एक चूक अनेकांकडून होते: ‘हाइप’ न दाबता नुसतेच टॅन दाबले जाते. कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर पहिल्या वर्षाचा वेग १.६७ येतो आणि चूक लगेच कळते. तो डिग्रीवर असेल तर ०.०१८ येतात, आणि हा आकडा दिसायला निरुपद्रवी असल्यामुळे पानभर हिशेब पुढे जातो.

चौथी पायरी: प्रॉक्सिमापर्यंत जाऊन थांबण्याचा प्रवास मांडा

सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. तिथे थांबायचे असेल तर अर्ध्या वाटेवर यान उलटे फिरवून तेवढ्याच जोराने वेग कमी करायला हवा. म्हणून २.१२ प्रकाशवर्षांचा हिशेब करून दुप्पट करावी. २.१२ भागिले ०.९६९४, त्यात १ मिळवून कॉश र ३.१८७ येतो, त्यावरून र १.८२७. यानकाळ १.७७ वर्षे, त्याची दुप्पट ३.५४. पृथ्वीवरचा काळ ५.८७ वर्षे. अर्ध्या वाटेवरचा सर्वाधिक वेग ०.९५.

या आकड्यांकडे माणसांच्या बाजूनेही पाहावे. रामदासपेठेतली ३६ वर्षांची एखादी आई, मुलगी दहा वर्षांची, पाचवीत असताना निघाली, तिथे न रेंगाळता तशीच परतली, तर तिच्या घड्याळाने ७.१ वर्षे गेलेली असतील आणि घरच्या कॅलेंडरवर ११.७. आई ४३ वर्षांची आणि मुलगी बाविशीच्या उंबरठ्यावर. हा फरक कल्पनेतला नाही. सर्नमध्ये १९७० च्या दशकात म्यूऑन नावाचे कण वर्तुळाकार नळीत २९.३ इतक्या गॅमाने फिरवले, तेव्हा एरवी सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकणारे ते कण ६४ मायक्रोसेकंद टिकले.

आता पहिल्या पायरीची आठवण करून द्यायला हवी. ४.२४ प्रकाशवर्षांना ३.५४ वर्षांनी भागले की १.२ येतात, आणि ‘म्हणजे यान प्रकाशापेक्षा वेगाने गेले’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण अंतर पृथ्वीच्या पट्टीचे आणि काळ यानाच्या घड्याळाचा, असे दोन वेगळे रकाने इथे एकत्र झाले आहेत. पृथ्वीचे अंतर पृथ्वीच्याच ५.८७ वर्षांनी भागले की सरासरी वेग ०.७२ येतो. यानातून पाहिले तर अंतरच आक्रसलेले असते. सर्वाधिक वेगाच्या क्षणी पृथ्वी ते प्रॉक्सिमा हे अंतर यानाच्या पट्टीने जेमतेम १.३३ प्रकाशवर्षे भरते.

पाचवी पायरी: ऊर्जा कोराडीच्या दिवसांत मोजा

ज्यूलमधले मोठे आकडे वाचून मनात काहीच उभे राहत नाही, म्हणून मी कोराडीचे माप वापरतो. कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला जाताना ज्या औष्णिक केंद्राची धुराडी दिसतात, तिथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. मिळून १,९८० मेगावॅट. एक किलो वस्तुमानात आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या समीकरणानुसार जेवढी ऊर्जा असते, तेवढी तयार करायला हे तीन संच पूर्ण क्षमतेने ५२५ दिवस चालवावे लागतील. गतिज ऊर्जा म्हणजे तिची गॅमा वजा १ पट. म्हणून गॅमातून १ वजा करून ५२५ ने गुणावे, की एका किलोमागे कोराडीचे किती दिवस लागतात, ते कळते.

अर्ध्या प्रकाशवेगासाठी गॅमा १.१५४७ आहे, म्हणजे ८१ दिवस. ०.९ साठी ६७९ दिवस. ०.९९ साठी पावणेनऊ वर्षे, ०.९९९ साठी जवळपास ३१ वर्षे आणि ०.९९९९ साठी १०० वर्षे. हे सगळे एका किलोसाठी, म्हणजे सहा-सात संत्र्यांच्या वजनासाठी, आणि एक युनिटही वाया न घालवता. शेवटच्या दोन आकड्यांकडे नीट पाहावे: वेगात हजारातल्या एका भागाइतकीही भर पडली नाही आणि ऊर्जेचा खर्च तिपटीहून जास्त झाला. प्रकाशवेगाची मर्यादा भिंतीसारखी आडवी येत नाही, ती अशी बिलातून दिसते.

सहावी पायरी: इंधनाचा हिशेब, आणि तिथेच खरा खोळंबा

वीज जमिनीवर तयार होते, पण यानाला इंधन बरोबर न्यावे लागते. आणि ते इंधन ढकलायलाही इंधनच लागते. त्याचे सूत्र असे: र ला मागे फेकल्या जाणाऱ्या पदार्थाच्या वेगाने, म्हणजे उत्सर्जनवेगाने (प्रकाशवेगाच्या पटीत), भागावे आणि ई चा तेवढा घात काढावा. निघतानाचे वस्तुमान पोहोचतानाच्या वस्तुमानाच्या किती पट हवे, ते त्यातून मिळते. थांबायचे असेल तर त्या पटीचा वर्ग घ्यावा.

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटच्या वरच्या टप्प्यात द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन होते. या जोडीचा उत्सर्जनवेग सेकंदाला सुमारे ४.४ किलोमीटर असतो, आणि रासायनिक इंधनात याहून फार पुढे जाता येत नाही. त्यावर केवळ एक दशांश प्रकाशवेग गाठायचा म्हटले, तर पट येते १ वर सुमारे २,९७० शून्ये. दिसणाऱ्या संपूर्ण विश्वातले अणू मोजले तरी ती संख्या १ वर ८० शून्यांच्या आसपास भरते. रासायनिक इंधनाचे पान इथेच मिटावे.

हायड्रोजनचे हीलियम होताना वस्तुमानाचा सुमारे ०.७ टक्का भाग ऊर्जेत बदलतो. ती सगळी ऊर्जा बाहेर पडणाऱ्या कणांच्या वेगात घालता आली, तरी उत्सर्जनवेग ०.१२ प्रकाशवेगाच्या आसपासच राहतो. हिशेबाला ०.१ धरा. अर्धा प्रकाशवेग गाठायला २४३ पट, गाठून थांबायला ५९,०४९ पट. अवघड आहे, तरी मनात आणता येते. ०.९ गाठायचे म्हटले की नुसते जायलाच २४ लाख पटीहून जास्त.

शेवटचा उपाय म्हणजे पदार्थ आणि प्रतिपदार्थ एकत्र आणून सगळ्याचा प्रकाश करायचा आणि तो मागे सोडायचा. उत्सर्जनवेग १, म्हणून पट नुसता ई चा र वा घात. प्रॉक्सिमाला जाऊन थांबायला ३८.६ पट, तसेच परतायला सुमारे १,४९० पट. कागदावर हे शक्य कोटीतले वाटते, आणि बरेच लेख इथेच समाधानाने संपतात. माझ्या मते खरा प्रश्न याच्या पुढे आहे. प्रकाशाचा जोर फार थोडा असतो: एक न्यूटन बलासाठी सुमारे ३०० मेगावॅट लागतात. एक किलोला ९.८ चे त्वरण द्यायला ९.८ न्यूटन, म्हणजे जवळपास २,९४० मेगावॅट. याचा अर्थ, यानाच्या आणि त्यातल्या इंधनाच्या प्रत्येक किलोमागे दीड कोराडी यानातच अखंड धगधगत ठेवायची. त्यातला हजारातला एक भाग जरी प्रकाश न होता उष्णतेच्या रूपाने आत राहिला, तरी दर किलोमागे सुमारे तीन मेगावॅट उष्णता होते. ती बाहेर टाकायला हवा नाही, पाणी नाही, फक्त यानाच्या पृष्ठभागावरून होणारे उत्सर्जन. सापेक्षतेच्या मर्यादेला पोहोचण्याच्या फार आधी यान वितळते. म्हणून ३८.६ हा आकडा लिहिताना शेजारी ‘दीड कोराडी दर किलो’ हेही लिहावे.

इंधन घरीच ठेवून जमिनीवरून लेझरने पाल ढकलायची, ही वाट म्हणूनच पुढे आली. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ब्रेकथ्रू स्टारशॉटच्या आराखड्यात १०० गिगावॅटचा लेझर, काही ग्रॅमचे यान आणि एक पंचमांश प्रकाशवेग असे आकडे होते. शंभर गिगावॅट प्रकाश पूर्ण परावर्तित झाला तरी जोर मिळतो ६६७ न्यूटन, म्हणजे ६८ किलोच्या माणसाच्या वजनाइतका. आणि एक पंचमांश वेगाला पाल पळू लागली की मागून येणारा प्रकाश तांबडा होत जाऊन पालीला जाणवणारा जोर दोन तृतीयांशावर येतो. यान ग्रॅमचेच का असावे लागते, ते यावरून कळते. पलीकडे ब्रेक लावायला लेझर नसतो, ही अडचण आहेच.

सातवी पायरी: समोरून काय येते ते पाहा

ताऱ्यांमधली पोकळी पूर्ण रिकामी नसते. दर घन सेंटीमीटरला एक हायड्रोजन अणू धरला, तर ०.९ वेगाने जाणाऱ्या यानाच्या पुढच्या भागावर दर चौरस मीटरला सुमारे १२० किलोवॅट ऊर्जा आदळते. पृथ्वीजवळ, वातावरणाबाहेर, सूर्याची ऊर्जा दर चौरस मीटरला १.३६ किलोवॅट असते. म्हणजे ही तिच्या जवळजवळ ८८ पट, आणि तीही ऊन नव्हे तर भेदक किरणोत्सार. ०.९९ वेगाला तीच १,९०० किलोवॅटच्या पुढे जाते. एक मिलिग्रॅमचा धुळीचा कण ०.९ वेगाने धडकला तर २८ टन टीएनटीइतका स्फोट होतो.

आठवी पायरी: ताळा

प्रत्येक हिशेबाचा दोन टोकांना ताळा पाहावा. पहिले टोक कमी वेगाचे. एका दिवसानंतर न्यूटनच्या सूत्राने वेग सेकंदाला ८४७ किलोमीटर येतो, आणि टॅन्हच्या सूत्राने त्यापेक्षा सेकंदाला सुमारे २ मीटरनेच कमी. इतके जुळले नाही तर भाजक चुकला आहे असे समजावे. बहुधा दिवसांचे वर्ष करताना गफलत झालेली असते.

दुसरे टोक बारा वर्षांचे. र १२.३८ येते, पृथ्वीवर १ लाख १५ हजार वर्षे गेलेली असतात, आणि टॅन्ह काढला की दहा अंकी कॅल्क्युलेटर सरळ १ दाखवतो. प्रकाशवेग गाठला, असे वाटून एखादा विद्यार्थी इथे हरखून जातो. तो १ यंत्राने अंक संपल्यामुळे दाखवलेला असतो. इथे वेग न काढता प्रकाशापासूनचे मागेपण काढावे: गॅमाच्या वर्गाच्या दुपटीने प्रकाशवेगाला भागावे. गॅमा १ लाख १९ हजारांच्या जवळ आहे. उत्तर येते सेकंदाला सुमारे १ सेंटीमीटर. आणि त्या यानातून कोणी खिडकीबाहेर टॉर्च लावला, तर त्याचा प्रकाश त्याच्यापासून सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर याच वेगाने दूर जाताना दिसतो, निघाल्या दिवशी दिसला होता तितक्याच.